इरकल नेसलेली सायकल

सायकल रंगवायला काय अक्कल लागते, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. त्याच्या हातात एक गंजका चिमटा देते, एक पॉलिशपेपर देते आणि चहा ठेवायला आत जाते. चहा उकळेपर्यंत तो माणूस एक तर पळालेला असतो, नाहीतर माझ्या बाजूचा झालेला असतो. चिमटा म्हणजे चुलीजवळचा नव्हे. सायकलीचं पुढचं चाक ज्याच्या दोन पायांत अडकवलेलं असतं, तो.

मी बेळगावात वडगावला राहते. लोक मला रंगाक्का म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, तिथं ते सुखरूप आहे. वय सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे याबद्दल कागदांचं आणि माझं एकमत नाही. धंदा जुन्या सायकली रंगवण्याचा आहे. ‘आहे’ नको, ‘होता’ लिही, असं माझा मुलगा म्हणतो. मी लिहिणार नाही. हे लिहितानाही समोर शेडमध्ये एक सांगाडा दोरीला टांगलेला आहे आणि त्याचं अस्तर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, वाळतंय.

दिवाळी अंकवाल्यांनी कळवलं, ‘तुमचा प्रवास लिहा.’ प्रवास कसला? शेडपासून न्हाणीपर्यंत वीस पावलं, त्यातच आयुष्य गेलं. तेव्हा प्रवास राहू दे. सायकलींचं सांगते.

आता सायकलीचा सांगाडा भट्टीत घालून पावडरचा रंग चढवून आणतात. दिसतो झकास, टिकतोही. पण तेवढ्या पैशात माझं गिऱ्हाईक दुसरी जुनी सायकलच घेईल. माझ्याकडे येणारा माणूस खिशात तीनशे-चारशे घेऊन येतो, आणि तेही देताना एकदा नोटांकडे वळून बघतो. त्याला भपका नको असतो. रंग म्हणजे लोखंडाची कातडी. ती फाटली की बेळगावची रिपरिप आत शिरते आणि नळी आतून खायला लागते. एके दिवशी माणूस चालत्या सायकलीवरून खाली, दांडी दोन तुकडे.

काम सोपं आहे, फक्त लांबलचक आहे. आधी कपड्याच्या सोड्याच्या पाण्यानं चेनचं काळं वंगण धुवायचं. मग घासायचं, आधी जाड पेपरानं, मग बारीक. गंज दिसतो बोराच्या बीएवढा, वरचा रंग उचकटला की निघतो भाकरीएवढा. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे बोट जात नाही. तिथे पेपरची पट्टी करून ताक घुसळल्यासारखी मागं-पुढं ओढायची. बॉल-बेअरिंगच्या तोंडात चिंध्या कोंबायच्या, नाहीतर रंग आत जाऊन हँडल आयुष्यभर रुसून बसतं. मग तांबडं अस्तर. मग एक दिवस थांबायचं. मग रंगाचा पातळ हात, पुन्हा थांबायचं, मग दुसरा हात. गरिबाच्या रंगकामात सगळ्यात स्वस्त जिन्नस म्हणजे थांबणं, आणि नेमकं तेच कुणाला परवडत नाही.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत आलं, आणि चुका काही साध्यासुध्या नव्हत्या.

मी निपाणीकडच्या खेड्यातली. वडील तंबाखू लावायचे. लग्न होऊन वडगावात आले तेव्हा रंग म्हणजे शिमग्याला उडवतात तो, एवढीच माहिती. सासर विणकराचं. मागच्या खोलीत दोन पॉवरलूम, म्हणजे आमच्या भाषेत माग. ते सकाळी सुरू झाले की घरात बोलायचं असेल तर ओरडायचं. आमच्या मालकांना मागाचा कंटाळा, म्हणून त्यांनी पुढच्या पडवीत सायकलीचं दुकान घातलं. पंक्चर, तारा ओढणं, ओव्हरऑइलिंग सगळं ते करत. रंगाला मात्र सायकली शहापूरच्या एका पेंटरकडे जात. एकदा तो पेंटर चार सायकली घासून तशाच टाकून पाहुण्यांच्या लग्नाला गेला तो महिनाभर आलाच नाही. गिऱ्हाईकं दारात. मालक डोक्याला हात लावून बसलेले. तेव्हा ही दीडशहाणी पुढं झाली आणि म्हणाली, “त्यात काय एवढं? म्या मारतो की रंग.”

आमच्याकडे बायकाही ‘येतो, जातो, करतो’च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.

पहिली सायकल एका गवळ्याची होती, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायची. मी तिला काळा रंग मारला आणि खरंच बरा मारला. ओल्या रंगावर धूळ बसते हे मला ठाऊक होतं. म्हणून रस्त्याकडेच्या पडवीत ठेवायचं सोडून, माझ्या अकलेनं मी फ्रेम नेऊन टांगली ती मागाच्या खोलीत, दोन चालत्या मागांच्या बरोबर मधोमध. दार होतं, छप्पर होतं, धुळीचा कण नव्हता. आता, चालत्या मागाच्या खोलीत हवेत काय असतं हे वडगावातलं रांगतं पोरही सांगेल. सुतावर सूत घासतं आणि त्याची बारीक तूस उडते. ती दिव्यावर बसते, देवाच्या फोटोवर बसते, माणसाच्या भुवयांवर बसते. आणि ही बया त्या घरात वर्षभर नांदून, रोज तीच तूस झाडून, सायकल तिथेच टांगून गेली!

संध्याकाळी बघते तर काळ्या सायकलीला पांढरीशुभ्र लव आलेली. हात फिरवावा असं वाटत होतं.

गवळी आला. त्यानं एकदा सायकलीकडे बघितलं, एकदा मालकांकडे.

“अण्णा, ही माझी सायकल न्हवं.”

“तुझीच हाय की.”

“न्हाय हो. ही शेळी हाय. दूध किती देती?”

आत सुताच्या कांड्या भरत बसलेल्या माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायची मी त्यांना, इतक्या हसल्या की चरखा थांबला. लग्नानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं ते त्या दिवशी. पुढचे तीन दिवस मी ती शेळी घासून घासून पुन्हा सायकल केली.

त्यानंतर पेंटरकडे सायकल गेली नाही. पण लोकांना काय ठाऊक? ते समजत, मालकच रंगवतात. आणि खरी गोष्ट लिहिते, मला कुणी कोंडलं नव्हतं, कुणी मनाई केली नव्हती. पडवी आणि आतली खोली यांच्यामध्ये जो पडदा होता, तो मीच शिवला होता. जुन्या लुगड्याचा, खाली छान दुमड घालून. गिऱ्हाईक बाहेर म्हणायचं, “अण्णा, हात सोन्याचा हाय तुमचा,” मालक म्हणायचे, “व्हय, बघा की,” आणि पडद्याआड ही बावळट हातात ब्रश धरून लाजायची. मालक वाईट माणूस नव्हते. पण दुसऱ्याचं कौतुक आपल्याकडे चालत आलं तर त्याला दारातून परत पाठवण्याइतके चांगलेही नव्हते.

एकच चोरटेपणा मी केला. पेडल जिथे बसतं त्या जाड नळीच्या पोटाला, खालून, जिथे कुणी बघत नाही, तिथे मी प्रत्येक सायकलीला एक पिवळा टिपका द्यायला लागले. काजळाची तीट असते ना, तेवढा. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रेघांचं आत्याबाईंनी शिकवलं. सायकलीच्या दांडीवर जी सोनेरी किंवा पांढरी रेघ असते, तिच्यावर पेंटरची परीक्षा होते. माझ्या रेघा बघून आत्याबाई म्हणाल्या, “गोगलगाय फिरून गेल्यागत दिसायलंय.” मी फणकारले. त्या उठल्या, खळ दिलेल्या ताण्याचं उरलेलं सूत घेतलं आणि दांडीला गुंडाळायला लागल्या, शेजारी शेजारी, घट्ट, चार बोटं. मग एक बोट जागा सोडली, मग पुन्हा चार बोटं. “आता मार त्या मोकळ्या जागंत.” खळ म्हणजे सुताला देतात ती कांजी. तिनं सूत कडक होतं आणि रंग पीत नाही. मी रंग मारला. अर्धवट सुकल्यावर त्यांनी सूत उलगडलं, आणि खाली पट्टा असा निघाला की सुरीनं कापावा. उलगडायची वेळ चुकवायची नाही एवढंच. पुरतं वाळू दिलं तर सुताबरोबर रंगही उठून येतो. अख्ख्या बेळगावात ही युक्ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती, कारण दुसऱ्या कुठल्या पेंटरच्या घरात आत्याबाई नव्हत्या.

आधी आत्याबाई गेल्या, काही वर्षांनी मालक गेले. त्यांच्या दिवसकार्यानंतर मी शेड उघडली, तर माशी फिरकेना. कुणी तोंडावर म्हणायचं नाही, पण रंगवणारा माणूसच गेला तर सायकल कशाला न्यायची? जो पडदा मी शिवला त्यानं माझंच पोट बांधलं. महिना-दीड महिना असा गेला. मग एक निवृत्त पोस्टमन भेटायला आले. सायकल दारात लावली, बसले, डोळे पुसले, म्हणाले, “अण्णांसारखा हात आता हुणार न्हाय.”

मी उठले. त्यांची सायकल अंगणात उलटी केली, चाकं वर, सीट खाली. “दादा, हिकडं या. वाका. वाका जरा. त्यो पिवळा टिपका दिसतोय?”

“दिसतोय. काय हाय त्यो?”

“त्यो माझा हाय. तुमची सायकल म्या दोनदा रंगवलीया. ज्याच्या कुणाच्या सायकलीला हा टिपका असंल, ती सगळी माझी.”

ते वाकलेलेच राहिले. मग हळूच म्हणाले, “मग येवढी वर्सं का न्हाय सांगितलंस गं आक्का?”

मी सायकल सरळ करून त्यांच्या हातात दिली. पोस्टमन माणूस. आयुष्यभर दारोदार पत्रं वाटली, आता बातमी वाटली. आठवड्याभरात गल्लीगल्लीत लोक आपापल्या सायकली उलट्या करून बघायला लागले. धंदा परत आला. पडद्याचं मी काय केलं? फाडला आणि ब्रश पुसायला घेतला. दोन वर्षं पुरला.

आता गेल्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विणकर मागाला हार घालतो, शेतकरी विळा-खुरपं मांडतो, आणि ज्याच्या दारात जे चाक असेल ते धुऊनपुसून उभं राहतं. त्यामुळे नवमीच्या आधीचे आठ-दहा दिवस म्हणजे माझी सुगी.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुरेखा राहते. पस्तिशीची असेल. टिळकवाडीत दोन घरी स्वयंपाक करते. पहिल्या घरी साताच्या ठोक्याला पोचावं लागतं. सायकल तिनं स्वतः पैसे साठवून जुनी घेतलेली, दांडीची, थोराड. पण संध्याकाळी ती सायकल तिचा नवरा परशराम घेऊन जायचा. कुठे, हे मी सांगायला नको. जाताना सायकलीवर, येताना पायी. कारण येताना आपण सायकल आणली होती हेच त्याला आठवायचं नाही. मग सकाळी अंधुक उजेडात ही पोरगी गटारं धुंडाळत सायकल शोधणार. त्या महिन्यात तिला चारदा उशीर झाला होता. टिळकवाडीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पाचव्यांदा झाला तर परत यायचं नाही.

सुरेखा सायकल ढकलत शेडमध्ये आली.

“कुलूप लाव की गं,” मी म्हटलं.

“लावलं की. खांद्यावर टाकून न्हेली.”

“मग पिऊन एवढी ताकद यील कुठनं?”

“पिऊन न्हाय आक्का, प्यायला जाताना न्हेली. तवा लई ताकद असती.” मग ती एकदम म्हणाली, “असला रंग द्या, की त्यो बसायला लाजला पायजे.”

“रंगानं माणूस सुधारत न्हाय गं.”

“सुधारा कोण म्हणायलंय? नुसता लाजवा.”

चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी सायकली चांगल्या दिसाव्यात म्हणून रंगवल्या. नवऱ्याला लाजवायची ऑर्डर पहिलीच. मला ती फार आवडली.

“किती हायत?” मी विचारलं. तिनं मूठ उघडली. तीनशे. म्हणजे पॉलिशपेपर, तांबडं अस्तर, थिनर, आणि संपले. रंगाचा नवा डबा त्यात बसत नव्हता. मी म्हटलं, घासायचं तू. रंगाचं मी बघतो.

दोन दिवस दोन्ही घरांची कामं आटोपून ती येऊन घासत बसली. मी फळीवरचे उरलेले डबे खाली काढले. लोकांच्या दारा-खिडक्यांचे उरलेले रंग मी कधी टाकत नाही. झाकण उघडून वरची साय काढायची, जुन्या नायलॉनच्या साडीतून गाळायचं, चार थेंब थिनर, की रंग परत जिवंत. गर्द हिरवा होता, कुणाच्या तरी खिडकीच्या गजांचा. लाल होता, मारुतीच्या देवळाच्या दाराचा, तळाशी उरलेला. आणि थोडा पांढरा. तिन्ही डबे शेजारी ठेवले आणि मी बघतच राहिले. हिरवं अंग, लाल काठ, पांढऱ्या रेघा. ही तर आत्याबाई सणाला नेसायच्या ती इरकल!

“सुरेखा,” मी म्हटलं, “तुझ्या सायकलीला लुगडं नेसवूया.”

ती घासायची थांबली. मग पेपर टाकून तोंडावर हात घेऊन हसली. हात तांबड्या गंजानं भरलेला, सगळा गालाला लागला.

हिरव्याचे दोन हात झाले. आता काठ. इथे एक कबुली देते. माझा हात आता थरथरतो. चहा घेऊन निघाले की कप बशीत वाजतो, म्हणून घरच्यांना मी येतेय हे आधीच कळतं. मुलगा ‘होता’ लिही म्हणतो ते यामुळेच. म्हटलं, बघूया. खळ दिलेलं सूत काढलं. सुरेखा शहापूरच्या विणकराची लेक, कांड्या भरतच मोठी झालेली. तिनं दांडीला सूत असं गुंडाळलं की आत्याबाईंनीही मान हलवली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या जागेत मी लाल मारला. सुतानं थरथर आपल्या अंगावर घेतली, पट्टा सरळ निघाला. मागच्या मडगार्डला पदर केला, लालावर पांढरे पट्टे. लाल डबा तिथे खरवडून संपला.

त्या दिवशी दुपारी सुरेखा कामावर असताना परशराम आला. शुद्धीत होता. आधी त्यानं नुसतं बघितलं.

“आक्का, माझी सायकल कुठाय?”

“तुझी मला ठाव न्हाय रं. सुरेखाची ही बघ, नेसायलीय.”

“हे काय चाळं? गप काळा रंग मारा.”

“काळा संपलाय.”

“मग त्यो डबा कसला?”

“त्यो माझ्या केसांचा.”

समोरच्या कट्ट्यावर म्हातारे विणकर बसलेले असतात, ते हसले. परशरामला ते झोंबलं. “म्या न्हेतो आनी दुसरीकडं काळी करतो,” म्हणाला आणि पुढं होऊन त्यानं दांडी धरली. काठ ओला होता. लाल रंग तळव्याला लागला, तो त्यानं झटकला, मग पँटीला पुसला, मग पँटीकडे बघितलं. मी म्हटलं, “आता घरला जाऊन सांग, सायकलीनं कुंकू लावलं म्हणून.” तो गेला. पण दांडीच्या काठावर त्याचा अंगठा उमटला तो उमटलाच. रेघान्‌रेघ दिसत होती.

संध्याकाळी सुरेखा आली, तिनं तो ठसा बघितला आणि शेडच्या उंबऱ्यावर बसली. हसणारी पोरगी एकदम विझली.

“घरच्या कागदावर ह्याचा अंगठा. गॅसच्या कागदावर ह्याचा अंगठा. ही एक माझी हुती आक्का. हितं बी लागलाच.”

घासून काढावा तर खालचं हिरवं दिसणार, आणि वर मारायला लाल थेंबभर नव्हता. नवा डबा आणायला पैसे नव्हते. मी घालते म्हटलं तर तिनं मान हलवली. नवमी परवावर आलेली. ब्रशनं त्यावर एखादं फूल काढून झाकावं, तर त्या फुलाचं माझ्या हातून काय झालं असतं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

मी तिला म्हटलं, “आज वाळू दे. उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा मी पांढऱ्यात भिजवलेली चिंधी बशीत ठेवून तयार होते. “अंगठा आण हिकडं.”

“माझा?”

“मग काय माझा? सायकल कुणाची हाय?”

तिनं अंगठा चिंधीवर दाबला. मी तिचं मनगट धरून तो नेमका परशरामच्या ठशावर ठेवला. “दाब.” तिनं दाबला. उचलला, तर खालचा ठसा गायब, आणि वर पांढरं, पाकळीदार, अगदी रुईच्या फुलासारखं. तिनं बघितलं. मग माझ्याकडे न बघता दुसरा उमटवला, चार बोटांवर. मग तिसरा. मग मला धरावंच लागलं नाही. काठभर फुलं उमटली. इरकलीच्या काठाला असतात तशी, पण एकही दुसऱ्यासारखं नाही. मी मोजली. त्याचा एक अंगठा, तोही खाली गाडलेला. वर तिचे एक्केचाळीस.

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अंगठ्याला थरथर नसते. टेकला की टेकला. ही अक्कल मला सत्तरीत आली.

नवमीला गल्लीत सायकल उभी राहिली, आणि म्हाताऱ्या बायकांनी काय करावं? लुगडं नेसलेली बाई दारात उभी म्हटल्यावर तिला तशीच कशी धाडायची? एकीनं हँडलला हिरव्या बांगड्या बांधल्या. दुसरीनं कॅरिअरवर खण-नारळ ठेवून तिची ओटी भरली. मीही हळदकुंकू लावलं. मालक गेल्यापासून हे मी करू नये असं एक-दोघींना वाटतं, हे त्यांच्या भुवयांवरून कळतं. पण त्यांनी काही म्हणायच्या आत मी लावून मोकळी होते. माझ्या ब्रशांची पूजा करायला काय दुसरा माणूस भाड्यानं आणू?

त्या संध्याकाळी परशराम सायकल घेऊन निघाला. मी शेडमधून बघत होते. सुरेखा दारात उभी, हाताची घडी, ओठ घट्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल दारात नसती तर टिळकवाडीचं काम गेलं असतं, आणि लुगड्याचा माझा सगळा आचरटपणा तिच्या पोटावर पडला असता. तेवढा वेळ मला हसू आलं नाही.

तो सीटवर बसला. पेडल मारलं. बांगड्या वाजल्या. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर तेच म्हातारे बसलेले. कुणी हसलं नाही. त्यांतला सगळ्यात थोरला, ज्याचं अख्खं आयुष्य इरकली विणण्यात गेलं, तो काळजीच्या सुरात म्हणाला, “परशा, पदर सावर रं लेका. चाकात जाईल.”

त्यावर कट्टा हसून फुटला. अख्खी गल्ली फुटली. परशराम उतरला. पण सायकल तिथे टाकून जाताही येईना. ओटी भरलेली बाई रस्त्यात सोडून कुठं जाणार? ती हातानं धरून, बांगड्या वाजवत, तो परत आला, दारात उभी केली आणि मान खाली घालून पायी निघून गेला.

दारू सुटली का, असं मला शहरातल्या एका बाईंनी विचारलं. नाही हो. तो चालत जातो आणि चालत येतो. मी सायकली रंगवते, नवरे नाही. सुरेखा साताच्या आत टिळकवाडीत असते, एवढं मला पुरे. आणि तेव्हापासून तीन बायका सायकली घेऊन आल्या. तिघी एकच म्हणाल्या, “आक्का, काळा नको.”

गेल्या आठवड्यात सुरेखा सकाळी कामावर जाताना घंटी वाजवून थांबली. मी दात घासत होते.

“आक्का, एक काम राहिलंय.”

हँडलच्या खाली, अगदी पुढं, जिथे कंपनीची पट्टी असते, तिथे तिनं काठातली रुपयाएवढी जागा मोकळी सोडली होती. मला वाटलं होतं रंग संपला म्हणून सोडली.

“ही तुमची,” ती म्हणाली.

“माझा खाली हाय की. पोटाला. पिवळा.”

“खाली कोण बघतंय? हितं घाला. आनी लवकर, मला उशीर व्हायलाय.”

पिवळा डबा काढला. अंगठा बुडवला. हात थरथरत निघाला, टेकल्यावर थांबला. तिनं वाकून फुंकर मारली, बसली आणि गेली.

दुपारी जेवायला बसले तर मुलानं ताटावरून विचारलं, “आई, अंगठ्याला काय लागलंय ते?”

मी म्हटलं, “माझं नाव.”